टॉम अँड जेरीचा कुठला भाग तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतो आणि का?

पियानोवाला. 'द कॅट कॉन्सर्टो', 1947 चा, जेमतेम सात-आठ मिनिटांचा, त्याला ऑस्करपण मिळालंय. किती वेळा बघितलाय त्याचा हिशोब नाही.

टॉम काळा कोट घालून स्टेजवर येतो, वाकून नमस्कार करतो आणि एकदम ऐटीत फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची 'हंगेरियन रॅप्सडी क्रमांक 2' ही पियानोची गत सुरू करतो. जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो, आवाजानं त्याची झोप मोडते आणि तिथनं भांडण सुरू. खरं हे नेहमीचं भांडण नाही बघा. इतर भागात टॉम लाटणं नाहीतर झाडू घेऊन घरभर पळतो, इथं त्याला जागेवरनं उठताच येत नाही, समोर माणसं बसल्यात आणि गत मधेच सोडायची नाही. म्हणून सगळी मारामारी सुरांच्या आतच होते. जेरी पट्ट्यांच्या खालनं पळतो तर पट्ट्या लाटेसारख्या वर-खाली होतात, दोन पट्ट्या काढून तिथं उंदराचा सापळा ठेवतो, टॉमचं बोट अडकतं, तरी चेहऱ्यावर तोच मोठ्या कलाकाराचा भाव. एकदा तर हात जेरीला पकडण्यात गुंतलेत म्हणून पायाच्या बोटांनी वाजवतो! संगीत स्कॉट ब्रॅडलीचं, आणि टॉम अँड जेरी बनवणाऱ्या हॅना-बार्बेरा या जोडीनं एकेक हालचाल त्या सुरावर अशी बसवलीय की तोंडानं एक शब्द न बोलता सगळं कळतं. आमच्या बेळगावात हे फार कामाचं, शेजारची पोरं कन्नड बोलणारी, आम्ही मराठी, सगळे एकाच टीव्हीसमोर बसून एकाच वेळी हसायचो, कुणाला काही सांगावं लागायचं नाही.

मला हा भाग जवळचा वाटतो तो आज्जांमुळं. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी ते भजनात पेटी वाजवायचे आणि पेटीचा भाता उंदरांनी दर पावसाळ्यात कुरतडलेला असायचा, ठिगळावर ठिगळ. एकादशीच्या भजनात एकदा मधेच पेटीच्या मागनं उंदीर निघाला, आज्जांच्या मांडीवरनं गेला, बायका ओरडल्या, टाळकरी थांबले, खरं आज्जांचा डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर, अभंग पुरा होईपर्यंत मान सुद्धा वर केली नाही त्यांनी. वर्षभरानं सुट्टीत मी त्यांना हा भाग दाखवला तर कार्टून कधी न बघणारा माणूस चष्मा पुसून पुढं सरकून बसला. पायानं वाजवायचं आलं तेव्हा म्हणाले, "हात सुटला तरी लय सोडंना बघ त्यो."

त्या भागात शेवटी जेरी पियानोच्या आतल्या दोन हातोड्या घेऊन भरभर शेवट वाजवतो, टॉम पार गळून पडतो, टाळ्या पडतात आणि लाईट जातो जेरीवर. आम्ही पोरं टाळ्या वाजवत होतो. आज्जा गप्प. मग हळूच म्हणाले, "मांजरालाबी एकदा दाखवायला पायजे होतं की रे उजेडात."

आता तो भाग लागला की मी शेवटी टॉमकडंच बघतो.