पागेचं घर, छतातल्या दोन काचा आणि कोथरूडचा फ्लॅट

प्रश्न थोडक्यात असा. स्विंडनला सहा वर्षं भाड्याने राहणाऱ्या एका ताईंना विल्टशरमधल्या जुन्या इस्टेटवरचं एक म्यूज हाउस (जुन्या तबेल्याचं केलेलं घर) आवडलंय, साडेचार लाख पाउंडला ऑफर अ‍ॅक्सेप्ट झालीये. सर्व्हेयर म्हणतो छतातल्या दोन स्कायलाइट आणि मागच्या प्लास्टिकच्या खिडक्या, दोन्हीची परवानगी कुठे सापडत नाही. एजंट म्हणतो काम 2009 चं आहे, कारवाईची मुदत कधीच संपली, आणि लिस्टेड (सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत) आहे तो इस्टेटचा मोठा बंगला, तबेला नाही. ताई विचारतायत, सरळ कौन्सिलला (तिथल्या पालिकेला) ईमेल टाकून विचारू का?

ताई, तो ईमेल आत्ता पाठवू नका. का ते पुढे सांगते.

म्यूज म्हणजे आपली पागा हो. खाली घोडे, वर मोतद्दारांच्या खोल्या. तुमच्या फोटोत कमानीशेजारी भिंतीत घोडा बांधायची लोखंडी कडी अजून आहे, ती बघून मीपण भुलले असते. पण त्याच फोटोत वर स्लेटच्या काळ्या दगडी कौलांमध्ये त्या दोन काचा लख्ख चकाकतायत, आणि घोळ तिथेच आहे.

एजंटचं मुदतीचं बोलणं अर्धवट आहे. साध्या प्लॅनिंग परमिशनशिवाय केलेल्या कामावर ठरावीक वर्षांनी कौन्सिलला कारवाई करता येत नाही हे खरं, पण लिस्टेड बिल्डिंगचा कायदा वेगळा, 1990 चा, आणि त्यात अशी मुदतच नाही. नोटीस निघते ती आजच्या मालकावर. काम दुसऱ्याने केलंय म्हणून गुन्हा तुमच्यावर लागणार नाही (करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, दंडाला तर मर्यादाच नाही), पण काचा उचकटून परत स्लेट बसवायचा खर्च मात्र तुमच्या गळ्यात.

तबेला लिस्टमध्ये नाही हेपण एवढं सोपं नाही. यादीत नाव बंगल्याचंच असलं तरी त्याच्या आवारातलं, 1 जुलै 1948 च्या आधीपासून उभं असलेलं बांधकाम लिस्टेडच धरतात. बंगला लिस्ट झाला त्या दिवशी पागा त्याच मालकाची होती का, बंगल्यासाठी वापरात होती का, मांडणी कशी होती, हे बघतात. नंतर तुकडे पाडून विकली म्हणून सुटका होत नाही. लिस्टिंगची तारीख नॅशनल हेरिटेज लिस्टच्या साइटवर फुकट दिसते, आणि पागा इस्टेटपासून कधी वेगळी झाली ते जुन्या खरेदीखतांतून तुमचा सॉलिसिटर (खरेदीचा वकील) काढेल. त्याआधीच वेगळी झाली असेल तर एजंट बरोबर ठरू शकतो, पण मला तशी आशा कमी वाटते.

आता ईमेलचं. विकणारा लवकरच म्हणेल, इन्डेम्निटी पॉलिसी (अशा कामावर कारवाई झाली तर नुकसान भरून देणारा विमा) घेऊन टाका, स्वस्त असते. असतेच, पण तिची नेहमीची अट अशी की कौन्सिलला कुणी काही विचारलेलं नसावं, म्हणजे तुमच्या एका ईमेलने तो रस्ता बंद. आणि पॉलिसी मिळाली तरी ती फक्त पैसे देते, काम कायदेशीर करत नाही, उद्या तुम्ही किचनसाठी परवानगी मागितली आणि कौन्सिलचा कॉन्झर्वेशन ऑफिसर (जुन्या वास्तूंवर लक्ष ठेवणारा) घरी आला की तो वर बघणारच, आणि विकताना पुढच्याचा वकील हाच प्रश्न विचारणार.

म्हणून माझं मत, एक्स्चेंजच्या (दोघांचे सह्या केलेले करार अदलाबदल होण्याच्या) आधी विकणाऱ्यानेच स्वतःच्या नावाने कौन्सिलकडे लिस्टेड बिल्डिंगची परवानगी, म्हणजे कन्सेंट, मागावी, केलेलं काम कायम ठेवण्यासाठी. अर्जाला फी नाही, साधारण आठ आठवडे धरा. स्कायलाइट कदाचित पास होतील, प्लास्टिकच्या खिडक्यांचं मला कठीण दिसतंय, त्या लाकडी करायचा खर्च किमतीतून कापून घ्या. नाहीच म्हणाला तर सोडा. तुमचे मिस्टर म्हणतात शब्द दिलाय, पण इथे कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत कुणीच बांधील नसतं, आपल्याकडच्या टोकन-साठेखतासारखं नाही, सर्व्हे आणि वकिलाची फी जाईल तेवढीच.

आणि जे तुम्ही विचारलंच नाही, शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात, तो कोथरूडचा फ्लॅट! तुम्ही स्टँप ड्यूटी 7,500 पाउंड धरलीये, पहिलं घर म्हणून. जगात कुठेही घर असलं की ती सवलत गेली, आणि वर दुसऱ्या घराचा 5 टक्के सरचार्ज. फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर असला तरी नवरा-बायको एकच धरतात. म्हणजे नेहमीची ड्यूटी 12,500 अधिक सरचार्ज 22,500, एकूण 35,000. कम्प्लिशनच्या (पैसे देऊन घर ताब्यात येण्याच्या) आधी फ्लॅट विकलात तर 12,500 वर येईल, नंतर विकून तुमच्या बाबतीत रिफंड नाही, कारण गेल्या तीन वर्षांत तुम्ही तिथे राहिलेल्या नाही.

जाता जाता, खरेदीच्या ड्राफ्टमध्ये रस्ता आणि लॉनच्या देखभालीसाठी इस्टेट रेंटचार्ज (घरमालकाने इस्टेटला द्यायची ठरावीक वर्गणी) आहे. 40 दिवस थकला तर 1925 च्या कायद्याने इस्टेटवाले घराचा ताबा घेऊ शकतात किंवा त्यावर लीज चढवू शकतात, रक्कम कितीही किरकोळ असो. हा अधिकार बाद करणारं डीड (दस्त) सॉलिसिटरला आत्ताच मागायला सांगा, बँकपण बहुतेक तेच मागेल.