आरोग्यात जात कशाला आणायची?

प्रश्न : मुलगी नागपुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशातील नोकरीची परीक्षा देण्याऐवजी तिला एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करून ‘इंटरसेक्शनॅलिटी’वर, म्हणजे जात, लिंगभाव, उत्पन्न यांच्या एकत्रित परिणामावर काम करायचे आहे. आरोग्यात जात कशाला आणायची? तिची समजूत घालावी. – एक पालक

उत्तर : आपल्या सविस्तर पत्रात पुतणीच्या परदेशातील पगाराचा उल्लेख तीनदा आला आहे, मुलीला हे काम का करावेसे वाटते, याविषयी मात्र एकही वाक्य नाही. मला चिंता वाटते ती याचीच. तिचे शिक्षण आपण केले म्हणून तिचा निर्णयही आपलाच, हे गृहीतक मला मान्य नाही, त्यामुळे तिची समजूत मी घालणार नाही.

जात आरोग्यात बाहेरून आणावी लागत नाही. इंटरसेक्शनॅलिटी म्हणजे वंचितपणाची बेरीज, हाही गैरसमजच आहे. किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकी कायदेतज्ज्ञ बाईंनी 1989 मध्ये मांडलेला मुद्दा असा की, वंश आणि लिंगभाव एकत्र आले की जो अन्याय होतो, तो दोन्ही स्वतंत्रपणे तपासून सापडत नाही. आपल्याकडचा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पाहा. विदर्भात तो आदिवासी आणि काही दलित समाजांत अधिक आढळतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसूनही त्याचा जनुकीय दोष बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. दोष दोघांकडून सारखाच येतो, बोल मात्र बहुधा सुनेलाच लागतो. ती रोजमजुरीवर असेल, तर सकाळच्या ओपीडीसाठी तिला दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. मग ती तपासणीचा अहवाल घ्यायला येत नाही आणि नोंदवहीत ‘रुग्ण उदासीन’ असा शेरा पडतो. (हा शेरा लिहिणाऱ्याला तिची मजुरी कधी विचारावीशी वाटली नसावी.) जातीचा तक्ता वेगळा, स्त्रियांचा वेगळा आणि उत्पन्नाचा वेगळा ठेवला, तर ही बाई एकाही तक्त्यात नीट दिसत नाही. तिन्ही एकत्र पाहून ओपीडीची वेळ बदलणे आणि समुपदेशनाला नवऱ्यालाही बोलावणे, हे या विषयाचे प्रत्यक्ष काम आहे. वॉर्डात रुग्णाशेजारी उभ्या राहिलेल्या नर्सला ते लवकर उमगते.

एम.पी.एच.साठी मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र पाहावे; पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपासाव्यात. सुरुवातीचा पगार पुतणीइतका नसेल आणि बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात, हे मी लपवत नाही. त्याचा हिशेब मुलीने स्वतः मांडावा आणि पुढचे पत्रही तिनेच लिहावे.