पातेल्याच्या बुडाला पाणी कुठून येतं?

प्रश्न : थंडीत सकाळी चहाचं आधण ठेवलं की पातेल्याच्या बुडाला बाहेरून पाणी सुटतं. थेंब बर्नरवर पडून चुर्र असा आवाज होतो. पातेलं नवं आहे, गळत नाही, आणि ठेवण्याआधी मी ते फडक्याने कोरडं करते. सासूबाई म्हणतात, सिलिंडरमध्येच पाणी भरलेलं असतं. खरं काय? (एक गृहिणी, कराड)

उत्तर : ताई, बूड पुसून ठेवता हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. ते पाणी पातेल्यातलं नाही आणि सिलिंडरमध्ये भरलेलंही नाही. ते तुमच्या डोळ्यांदेखत ज्योतीत तयार होतं.

आपला स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजन असतो. गॅस पेटला की हवेतला ऑक्सिजन कार्बनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनशी जुळून पाणी. ज्योत इतकी तापलेली असते की हे पाणी वाफेच्या रूपातच बाहेर पडतं, म्हणून एरवी दिसत नाही. पातेल्यात गार पाणी असलं की बूडही गारच राहतं, आणि त्यावर ही वाफ थिजून थेंब धरते. बूड चांगलं तापलं की थेंब सुटायचे थांबतात. रिकामा तवा ठेवून बघा. तो झटकन तापतो, त्यामुळे तळाला फार तर क्षणभर धुरकट ओल दिसते आणि उडून जाते.

फ्रिजमधून काढलेलं दुधाचं पातेलं पावसाळ्यात ओट्यावर नुसतं ठेवलं तरी घामेजतं. ते पाणी मात्र हवेतल्या दमटपणाचं. तुमच्या पातेल्याचं तसं नाही.

आता हिशेब करू. मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी हा हिशेब फळ्यावर मांडला. मुलांचा त्यावर विश्वास बसत नसे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी होतं. म्हणजे घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमागे साधारण 22 लिटर. मोठी बादली भरून वर उरेल इतकं! जाळलेल्या गॅसपेक्षा पाण्याचं वजन जास्त कसं, असा प्रश्न तुम्हाला पडायलाच हवा. पाण्याच्या 18 भार वजनात 16 भार ऑक्सिजन असतो. त्या 22 किलोंतले साडेएकोणीस किलो सिलिंडरमधून आलेलेच नाहीत, ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या हवेतून आले. कार्बन जाळायला लागला तो ऑक्सिजन आणखी वेगळा.

लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने 1781च्या सुमारास ज्वालाग्राही वायू, म्हणजे आपला हायड्रोजनच, हवेबरोबर काचेच्या भांड्यात पेटवला, तेव्हा काचेला आतून दव धरलं. तुमच्या पातेल्याला धरतं तसंच. पाणी हे मूलद्रव्य नाही, असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने 1783 मध्ये पॅरिसमध्ये मांडलं. हायड्रोजन या नावाचा अर्थच ‘पाणी निर्माण करणारा’.

ताई, तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जळण्याला एवढा ऑक्सिजन लागतो, तर बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचं काय होत असेल? आमच्या शेजारची कॉलेजातली मुलगी डिसेंबरात अंघोळीला गेली आणि बाहेरच येईना. दार फोडलं तर ती फरशीवर पडलेली. थंडी येते म्हणून झरोक्यात वर्तमानपत्रं कोंबली होती. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. मुलगी वाचली, कारण तिच्या आईने हाका मारायला उशीर केला नाही. ते वर्तमानपत्राचे बोळे मी माझ्या हाताने काढले. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत लावा. तोवर झरोका उघडा ठेवा, लागू दे थोडी थंडी. स्वयंपाकघरातही ज्योत पिवळी पडून भांड्याला काजळी धरू लागली, तर बर्नर साफ करून घ्या आणि खिडकी उघडा.

सासूबाईंना सांगा, त्या पाण्याचा संबंध गॅसशी आहे हे त्यांनी अचूक हेरलं. फक्त ते आधी भरलेलं नसतं.

प्रश्न : पाणी उकळायच्या कितीतरी आधी भांड्याच्या आतून बारीक बुडबुडे चिकटतात. ती वाफ असते का? (इयत्ता आठवी, रत्नागिरी)

उत्तर : नाही रे बाळा, ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी जितकं गार, तितका त्यात ऑक्सिजन जास्त मावतो. शून्य अंशाला लिटरमागे 14 मिलिग्रॅमच्या वर, 25 अंशाला जेमतेम 8. तापवलं की मावेनासा झालेला वायू बाहेर पडतो. वाफेचे बुडबुडे मोठे असतात, ते तळातून उठून खळाखळा वर येतात.

स्वतः करून बघ. पाणी चांगलं उकळ, झाकून गार कर आणि न ढवळता पुन्हा तापव. या वेळी बारीक बुडबुडे फारच कमी दिसतील. असं उकळून गार केलेलं पाणी लगेच माशांच्या टाकीत ओतू नकोस, त्यांना श्वासाला ऑक्सिजन पुरणार नाही. आपल्यालाही ते सपक लागतं. माझी आजी ते या तांब्यातून त्या तांब्यात उंचावरून चार-पाच वेळा ओतायची आणि मग प्यायला द्यायची. तसं ओतताना त्यात हवा पुन्हा मिसळते. दोन्ही पाण्यांची चव घे आणि काय फरक वाटला ते मला पत्राने कळव.