निवृत्तीनंतर चोवीस तास एकत्र: सहा फूट रुंदीच्या गाडीत काय होतं?

भुसावळची रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, जिल्हा परिषदेच्या शाळा. इथून माणसं निवृत्त होतात आणि सहा-आठ महिन्यांत त्यांतल्या काहींच्या घरचे माझ्यासमोर, म्हणजे समुपदेशकासमोर, येऊन बसतात. तक्रारीचा मजकूर बदलतो, गाभा बदलत नाही: "हे दिवसभर घरात असतात, काय करू?" नवऱ्यांचं म्हणणं असं, की "आता वेळ आहे, पैसा आहे, तर हिलाच माझ्याशी बोलायचं नाही." मग पुण्या-मुंबईतली मुलं सल्ला देतात, की दोघं कुठंतरी फिरून या. सहलीनं हा तिढा सुटत नाही. घरात चार खोल्यांत होणारं भांडण हॉटेलच्या एका खोलीत होतं, एवढाच फरक. पण नीट आखलेल्या प्रवासात तिढा नेमका कुठं आहे ते दिसतं, आणि दिसलं की त्याचं काही करता येतं.

ज्या जोडप्याबद्दल लिहिते आहे, त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काका निवृत्त लोको पायलट, काकू निवृत्त प्राथमिक शिक्षिका. काकांनी न विचारता, न सांगता कॅराव्हॅन ठरवली होती. भाड्याची, चालकासह. आत दोन माणसांचा बिछाना, छोटा ओटा, संडास. भुसावळहून निघायचं, धुळे-नाशिक करत एका दिवसात अलिबाग गाठायचं आणि मग मुरूड, दिवेआगर, हर्णे, गुहागर, जयगड, विजयदुर्ग करत मालवणपर्यंत कोळीवाडे, बंदरं, किल्ले पाहायचे. बारा दिवस. वहीत मिनिटांसकट वेळापत्रक लिहिलं होतं. महिना एप्रिल.

"पस्तीस वर्षं हिला कुठं नेलं नाही. रात्री-अपरात्री कॉल आला की लाइन बॉक्स उचलायचा नि निघायचं. आता नेतोय, तर हिचं तोंड वाकडं."

काकू म्हणाल्या, "आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी येते. बिबडे, कुरडया अजून गच्चीवर वाळताहेत. आणि मला मासळीचा वास सहन होत नाही. हे यांना ठाऊक नाही का?"

"मग आधी बोलायचं."

"विचारलं होतं कधी?"

इथं समुपदेशक सहसा दोघांना एकमेकांच्या भावना समजून घ्यायला सांगतो. मी तिकडे नंतर वळते. माझा कल आधी मांडणी बदलण्याकडे असतो, कारण साठीतला माणूस फारसा बदलत नाही. त्याच्या भोवतालची व्यवस्था मात्र आठवड्यात बदलता येते. जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकाच्या अभ्यासात जोडप्यांमधले जवळजवळ दोनतृतीयांश वाद कधीच न सुटणारे निघाले. सुखी जोडप्यांचेही. ती जोडपी त्या वादांसकट नीट राहायला शिकलेली असतात, इतकंच.

या घरातली व्यवस्था अशी होती: काका निम्म्या रात्री रनिंग रूममध्ये (रेल्वेच्या विश्रामगृहात), म्हणून घराचा प्रत्येक निर्णय काकूंचा. निवृत्तीनंतर काकांनी पहिल्या महिन्यात मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, फ्रिजवर कामांचा तक्ता चिकटवला आणि "चहा सहा वाजता का नाही?" असं विचारायला लागले. काकूंचं वाक्य माझ्या लक्षात राहिलंय: "हे घरी आले, आणि मी पाहुणी झाले." काकांच्या मनात मात्र ते कर्ज फेडत होते. सहलही त्याच कर्जाचा हप्ता. न विचारता दिलेली भेट घेणाऱ्याला हुकमासारखी लागते, हे त्यांच्या गावी नव्हतं.

पुढच्या वेळी मी फरशीवर चिकटपट्टीनं चौकोन आखला. गाडीच्या आतल्या मापाचा: साडेदहा फूट बाय सहा फूट. खुर्च्या मांडून बिछाना केला, टेबल ठेवून ओटा केला. दोघांना आत बसवून सांगितलं, चहा करा, औषधं घ्या, कपडे बदलायला जागा शोधा. पट्टीच्या बाहेर पाय टाकायचा नाही. पाच मिनिटांत काका तीनदा ओट्याजवळून गेले आणि तिन्ही वेळा काकू भांडं हातात धरून मागं सरकल्या. मी काही बोलले नाही. चौथ्यांदा काकाच थबकले. बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले.

"हा तर ब्लॉक सेक्शन झाला," ते म्हणाले. "सिंगल लाइनवर एका वेळी एकच गाडी. टोकन हातात आल्याशिवाय इंजिन पुढं न्यायचं नाही."

काकूंनी मान वर केली. "आणि टोकन देतो कोण?"

"स्टेशन मास्तर."

"मग ओट्याची मास्तर मी."

काका हसले. त्या खोलीत पहिल्यांदाच. आणि त्या हसण्यामागून काकूंनी कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली: "मला समुद्र नको असं नाही हो. मला रोज दोन तास एकटीनं बसायचंय. कुणाचं काही न करता. घरात तुम्ही ड्यूटीला गेल्यावर मिळायचे तेवढे." काकांना वाटत होतं, बायकोला आपला सहवास हवा आणि तो आपण पस्तीस वर्षं दिला नाही. सहवासाइतकंच तिला तिचं एकटेपण परत हवं होतं. निवृत्त जोडप्यांत मला सर्वांत जास्त वेळा सापडणारी गाठ हीच. ती उपदेशानं सुटली नसती. काकांच्या स्वतःच्या धंद्यातला नियम त्यांनीच उचलला, म्हणून सुटली. समुपदेशकानं अशा वेळी गप्प बसायला शिकावं लागतं, आणि ते मला आता बऱ्यापैकी जमतं.

त्यानंतरचं काम बरंचसं व्यावहारिक होतं. तारीख आखाजीनंतरची ठरली. लेक येऊन गेली, वाळवण डब्यात गेलं, मग निघायचं. आणि मे संपायच्या आत परतायचं, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्याआधीच बोटी वर ओढायला सुरुवात होते आणि बंदरात पाहण्यासारखं कमी उरतं. बारा दिवसांत दहा मुक्काम होते, त्याचे चार केले. पहिल्या दिवशी फक्त नाशिक, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटर. पुढं मुरूड, हर्णे, गुहागर. मालवण वगळलं, तेव्हा काकांचा चेहरा उतरला. ते मी मुद्दाम सांत्वनाविना जाऊ दिलं.

निर्णय वाटून घेतले, नुसती कामं नाही. मार्ग, पाणी, वीज आणि फेरीबोटीच्या वेळा काकांकडे. कुठं थांबायचं, किती रात्री, काय खायचं हे काकूंकडे. दुसऱ्याच्या खात्यात विचारल्याशिवाय सूचना नाही. संडासाच्या कॅसेटचा, म्हणजे खालच्या काढत्या टाकीचा, प्रश्न मात्र मी स्वतः उकरून काढला, कारण अशी कामं न बोलता बाईच्या अंगावर पडतात. साधारण अठरा-वीस लिटरची ही टाकी दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते. ती सेप्टिक टँक असलेल्या संडासातच ओतायची, खाडीत किंवा उघड्यावर कधीच नाही. फिनेल भरमसाट ओतलं तर ज्याच्या टाकीत रिकामी करतो, तिथले जिवाणू मरतात आणि यजमान पुन्हा दारात उभं करत नाही. काकांनी हे काम घेतलं. काकूंनी त्या दिवशी होकार दिला, असं मला वाटतं.

आधी एक रात्र सराव करायचा, हा माझा आग्रह. रावेरकडे नातेवाइकांच्या केळीच्या शेतात गाडी उभी केली. सकाळी पाणी संपलं. शंभर लिटरची टाकी, पण काकांनी शॉवर घरच्यासारखा सोडला. शॉवरला मिनिटाला सहज आठ-दहा लिटर जातात. बादली-तांब्यावर आलं की दोघांचं दिवसाचं चाळीस लिटरमध्ये भागतं. एसीचंही तसंच. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी, म्हणजे हातात एक युनिटही येत नाही. तासाभरात खेळ खलास. म्हणून मुक्काम घरगुती निवासाच्या अंगणात, जिथं अर्थिंग नीट असलेला १५ अँपिअरचा सॉकेट मिळेल तिथंच. बॅटरीवर फक्त पंखा आणि दिवे.

काकांनी गाडीसाठी छोटा कूलर घेतला होता. तो घरी ठेवायला लावला. आपल्याकडे ४४ अंशांत कूलर चालतो, कारण हवा कोरडी असते आणि पाणी झटपट उडतं. किनाऱ्यावर पारा ३३-३४ च असतो, पण हवेत आधीच इतकी वाफ, की कूलर फक्त ओल वाढवतो. घामही वाळत नाही. खान्देशातला माणूस "तिथं थंड असेल" म्हणून जातो आणि दुसऱ्या दिवशी चिडचिडा होतो. ती चिडचिड नवरा-बायको एकमेकांच्या नावावर टाकतात. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यायलाही सांगितलं. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ पाच दिवसांपुरतंच, हवाबंद डब्यात. बिबडे सादळतात, ते ऊन दाखवून तळायचे.

वासाचा प्रश्न वाऱ्यावर सोडवला. उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, बहुतेक वायव्येकडून, रात्री उलट. म्हणजे बोंबील वाळत घातलेल्या जागेच्या मागं, पूर्वेला, गाडी लावली तर दिवसभर वास आत. उत्तरेला सरकलं की बराच कमी. आणि गाडी वाळूत उतरवायचीच नाही. चाक रुततं, भरती वाट पाहत नाही.

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे या फेरीबोटींनी लांबचे वळसे वाचतात. पण ओहोटीला बोटीत चढायचा उतार तीव्र होतो आणि मागं लांब असलेल्या गाडीची शेपटी घासते. भरतीच्या आसपास चढावं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. हे ऐकून काकांनी वही काढली. वेळापत्रकाची त्यांची भूक समुद्रानं भागवली आणि काकूंच्या चहाची वेळ मोकळी झाली.

वाचणाऱ्यांपैकी कुणी हे घरी करणार असेल, तर गाडी लागतेच असं नाही. फरशीवरचा चौकोन पुरेसा आहे. रोजचे दोन तास आधी वहीत लिहा, एकत्र करायच्या गोष्टी नंतर. बोलणं सुरू करताना पहिलं वाक्य तक्रारीचं नको. सुरुवात कडवट झाली की शेवटही बहुधा तसाच होतो. पण निवृत्तीनंतर दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, आवडीचं काही नको, असं असेल, किंवा नावं-रस्ते विसरले जात असतील, तर सहल आणि चौकोन दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मारहाण किंवा दारू असेल तिथं हा लेख लागू नाही.

काका-काकू जाऊन आले. हर्णेला दुपार कलल्यावर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो. काका तो बघायला जायचे आणि काकू तेवढा वेळ सुवर्णदुर्गाकडे तोंड करून खुर्चीत बसायच्या. दोन तास. एकदा काका लवकर परतले, तर लांबूनच विचारलं म्हणे, "टोकन आहे का?" काकूंनी नाही म्हटलं. ते पुन्हा बंदरावर गेले.

चालकाशेजारी बसून त्याला ब्रेक कधी मारायचा हे सांगणं मात्र थांबलं नाही. बाराही दिवस. काकूंची त्याबद्दलची तक्रार अजून चालू आहे, आणि पुढच्या भेटीला तोच विषय आहे.