जवळ विंड टनेल नसताना नुसत्या सीएफडीवर संशोधन होईल का?

तुम्ही जळगावला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, कॉलेजात विंड टनेल (पंख्यानं वारा सोडून मॉडेलभोवतीचा प्रवाह मोजायचा बोगदा) नाही, आणि फक्त संगणकावर, म्हणजे प्रवाहाची समीकरणं संगणकानं सोडवणाऱ्या सीएफडीवर, एरोडायनॅमिक्समध्ये काही करता येईल का, असं विचारलंय. येईल. पण एक तरी मोजमाप स्वतःच्या हातानं कराच.

आमची केळी यावल तालुक्यात. मे-जूनच्या वादळात निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग आडवी होते, म्हणून वारा अडवायला बांधाला शेवरीची झाडं लावतात. शेवरीमागे वारा किती पडतो, हाच विषय मी एमटेकला घेतला. ओपनफोम या सीएफडीच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवरीच्या जागी ३ मीटर उंचीची, सगळीकडे सारखी विरळ पट्टी धरली, भोवऱ्यांचा परिणाम अंदाजानं धरणारं के-एप्सिलॉन मॉडेल लावलं. चित्रं देखणी आली.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा शेवरीमागे बांबू रोवून त्यांना वीतवीतभर लोकरीचे धागे बांधले. छातीएवढ्या उंचीवरचे धागे नुसते डुलत होते, गुडघ्याजवळचे मात्र ताठ होऊन फडफडत होते. जुन्या शेवरीचा पाला खालून झडलेला, आणि त्या फटीतून वारा जोरानं घुसत होता. माझ्या मॉडेलात ती फटच नव्हती! मी घातली नाही, तर संगणक कुठून दाखवणार? पलीकडे पत्र्याच्या कुंपणामागे तर धाग्यांची टोकं उलटी, पत्र्याकडेच वळलेली. सलग आडोशावरून सुटलेला वारा मागे असा गरगरतो. त्यामुळेच पत्र्यापेक्षा निम्मी विरळ झाडी जास्त लांबपर्यंत आसरा देते.

एवढ्या शेवरीला ताशी ५४ किलोमीटरचा वारा लागला तरी रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा जोर हवेच्या चिकटपणाच्या किती पट, ते सांगणारा आकडा) ३० लाखांवर जातो. त्यातला प्रत्येक बारीक भोवरा सोडवायचा तर जाळीचे बिंदू, म्हणजे संगणक जिथे जिथे गणित करतो त्या जागा, लाखो कोटींत जातात. म्हणून के-एप्सिलॉनसारखं टर्ब्युलन्स (खळबळत्या प्रवाहाचं) मॉडेल वापरावं लागतं, आणि मॉडेल म्हणजे शेवटी अंदाज. पायरीवरून खाली उतरणारा प्रवाह घ्या: प्रयोगात तो पायरीच्या उंचीच्या साधारण ६ ते ७ पट अंतरावर पुन्हा जमिनीला टेकतो, नेहमीचं के-एप्सिलॉन त्याला आधीच टेकवतं.

टनेललाही मर्यादा आहेतच. माझ्या शेवरीची विसाव्या हिश्श्याची प्रतिकृती करून, प्रवाह तसाच वागावा म्हणून रेनॉल्ड्स अंक तोच ठेवायचा, तर हवा सेकंदाला ३०० मीटरनं सोडावी लागेल. म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जवळ, आणि तिथे हवा दाबली जाऊन प्रवाहाचं वागणंच बदलतं.

तुम्ही सुरुवात त्या पायरीपासून करा. तिची मोजमापं छापलेली सहज मिळतात. जाळी दोनदा बारीक करून उत्तर हलतं का बघा, मग प्रयोगाशी ताडा. चूक कुठे आणि का येते, हे नीट मांडलंत तरी तुमचा प्रोजेक्ट भक्कम होईल. त्यानंतर वावरात जा. धागे मऊ लोकरीचेच घ्या, सुतळी मंद वाऱ्यात हलतच नाही.