बीप टेस्ट : आधी टेप ताणा, मग पंच पळवा

प्रश्न : वय ४३. तालुक्याच्या बास्केटबॉल सामन्यांना पंच असतो. मागच्या वर्षी शाळेच्या सिमेंट कोर्टवर आम्हा पंचांची बीप टेस्ट (२० मीटरवरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा, बीप हळूहळू जलद होत जातात) घेतली, निम्मे जण साठ फेऱ्यांच्या आतच बसले. दम कमी की काही चुकलं?
– एक क्रीडाशिक्षक, दर्यापूर तालुका

उत्तर : दमाचं नंतर बघू. अंतर पावलांनी मोजलं होतं का? २० ऐवजी २१ मीटर झालं, तर ताशी १२.५ किलोमीटरच्या टप्प्यात माणसाला १३.१ने पळावं लागतं. कोर्ट २८ मीटर लांब असतं. दोन्ही टोकांना ४-४ मीटर सोडून टेपने २० मीटरवर फक्की मारा. थांबायलाही जागा उरते.

फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा) निकष पुरुषांना १० मिनिटांत ८६, महिलांना ८ मिनिटांत ६६ फेऱ्या. जाणं एक फेरी, येणं दुसरी. इथेच मोजणाऱ्यांचा घोळ होतो. वेग ताशी ८ किलोमीटरपासून सुरू होऊन दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. मोबाइलवर मिळणाऱ्या कित्येक ध्वनिफिती मात्र ८.५पासून सुरू होतात. पहिल्या दोन बीपमधलं अंतर स्टॉपवॉचने पाहा. ९ सेकंद असेल तर बरोबर, साडेआठच्या आसपास असेल तर ती फीत बाजूला ठेवा.

पळणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिली तीन मिनिटं बीपच्या आधी पोचून उभं राहणं. बीपला रेषेवर पाय पडेल इतकंच पळा. वळताना गोल फिरू नका. एक पाय रेषेवर टेकवून तिथूनच उलटा. सिमेंटवरची धूळ झाडून घेतली नाही तर घसरण्याची भीती इथेच.

तयारीला सहा आठवडे द्या, एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यात ४० फेऱ्या, पुढे दर आठवड्याला आठ-दहा वाढवा. सोबत २८ मीटरच्या आठ धावा, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. कारण ८६ फेऱ्या काढणारा पंचही फास्ट ब्रेकला, म्हणजे चेंडू मिळताच होणाऱ्या वेगवान चढाईला, मागे पडू शकतो. तो झटका बीप टेस्ट मोजत नाही. चाळिशीपुढच्यांनी आधी बीपी, शुगर आणि ईसीजी करून घ्यावं. ही अट आम्ही तरी सोडणार नाही.

प्रश्न : मे महिन्याच्या शिबिरात टेस्ट घेतली तर चालेल का?

उत्तर : विदर्भातल्या मे महिन्यात? सकाळी साडेसहाच्या आत उरकत असेल तरच. नाहीतर पाऊस पडून हवा निवल्यावर घ्या. मात्र ओल्या सिमेंटवर नको.