झोन आला, पण जंतू कशाने मेले?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. कडुलिंबाच्या पानांचा अर्क, झिंक नायट्रेट, मफल फर्नेस या भट्टीत 400 अंशांवर भाजून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, करायचे आणि मग स्टॅफिलोकॉकस ऑरियस व ई. कोलाय या जंतूंच्या प्लेटवर झोन, म्हणजे पावडरीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, मोजायचा. विषय मोलाचा आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंपुढे डॉक्टरांचे हात बांधले जातात, तेव्हा झिंक ऑक्साइडसारख्या स्वस्त, ओळखीच्या पदार्थाकडे वळणं योग्यच आहे. कॅलामाइन लोशनमधली पावडर मुख्यतः हीच. पण या आराखड्यातून तुझ्या हाती उत्तर येईल असं मला वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

झोनवर विसंबू नकोस. आगरमधून, म्हणजे प्लेटवरच्या जेलीतून, पसरतात ते विरघळलेले झिंकचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू. कण बहुतांशी वेलमध्येच, म्हणजे पावडर भरलेल्या खळग्यातच, बसून राहतात. त्यामुळे कमी विरघळणारी पण जंतूला चिकटून मारणारी पावडर लहान झोन देईल, आणि नीट न धुतलेली, झिंक नायट्रेट शिल्लक असलेली पावडर मोठा झोन देईल. मोठा झोन म्हणजे चांगले नॅनोकण, हा निष्कर्ष मी कितीतरी प्रबंधांत वाचलाय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

झिंक ऑक्साइड जंतूंना मारतं ते साधारण तीन वाटांनी: विरघळून सुटलेले आयन, पृष्ठभागावर तयार होणारी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी ऑक्सिजनची क्रियाशील रूपं, आणि कण आवरणाला भिडल्याने होणारी इजा. तुझ्या पावडरीत यातली कोणती वाट किती चालते, हाच तुझा प्रश्न असू दे. त्यासाठी कंट्रोल, म्हणजे तुलनेचे संच, वाढव. पावडर ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, ठेव, सेंट्रिफ्यूज कर, वरचा द्राव बारीक फिल्टरमधून गाळ आणि तो एकटा जंतूंवर वापर. त्यात जितकं झिंक विरघळलेलं सापडेल तितकंच झिंक क्षारातून देऊन दुसरा संच लाव. दोन्हींत जंतू सारखेच मेले आणि कण घातल्यावर त्याहून जास्त मेले नाहीत, तर श्रेय आयनांचं आहे, कणांचं नाही. तेही लिहिण्यासारखं उत्तर आहे. तिसरा संच बाजारातल्या साध्या, जाड कणांच्या झिंक ऑक्साइडचा. तो नसेल तर ‘नॅनो’ म्हणण्याला आधारच उरत नाही.

माध्यमाचंही बघ. फॉस्फेट बफरमध्ये झिंक फॉस्फेट होऊन खाली बसतं, आणि ब्रॉथमधली प्रथिनं आयन धरून ठेवतात, कणांवरही थर चढवतात. त्यामुळे एकच पावडर सलाइनमध्ये जहाल आणि ब्रॉथमध्ये मवाळ वाटू शकते.

कडुलिंबाबद्दल स्पष्ट सांगतो. 400 अंशांवर पानांतली बहुतेक सेंद्रिय द्रव्यं जळून जातात. अर्कामुळे कणांचा आकार बदलत असेल, पण ‘कडुलिंबाचे औषधी गुण कणांत उतरले’ हे वाक्य पुराव्याशिवाय लिहू नकोस. अर्काविना केलेली पावडर शेजारी ठेवून तुलना कर.

जंतू मेले की नाही हे गढूळपणावरून ठरवू नकोस. पावडर स्वतःच द्रव गढूळ करते आणि गढूळपणा मोजणारं यंत्र फसतं. प्लेटवर पसरवून वसाहती मोज. आणि टक्केवारीने हुरळून जाऊ नकोस. मिलिलिटरमागे 5 लाख जंतू घेतले आणि 90 टक्के मेले, तर 50 हजार जिवंत आहेत. ‘जंतुनाशक’ म्हणायला निदान 99.9 टक्के लागतात, म्हणजे फार तर 500 उरायला हवेत.

टायटॅनियम डायऑक्साइडचा मोह तूर्त टाळ. त्याचा परिणाम मुख्यतः अतिनील प्रकाशावर अवलंबून, म्हणजे दिव्याचं मोजमाप आलं. मॅग्नेशियम ऑक्साइड पाण्यात घातलं की पीएच 10च्या आसपास जातो, तेव्हा तिथे आधी अल्कलीचा कंट्रोल लागतो.

प्रस्तावनेत तू लिहिलंयस की जंतूंना धातूंविरुद्ध प्रतिकार विकसित करता येत नाही. हे वाक्य काढ. झिंक बाहेर फेकणारे पंप जंतूंकडे आधीपासून आहेत. युरोपात डुकरांच्या पिल्लांना जुलाबावर झिंक ऑक्साइडचे मोठे डोस खाद्यातून देत असत. तिथल्या मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमध्ये झिंक सहन करण्याचं जनुक मेथिसिलिन-प्रतिकाराच्या जनुकाशेजारीच सापडलं. म्हणजे झिंक टिकवून धरत होतं तो प्रतिजैविकाचाही प्रतिकार. प्रतिकाराची ही भीती आणि जमिनीत साठणारं झिंक, या कारणांनी युरोपीय संघाने जून 2022पासून तो औषधी वापर थांबवला. आपण हे कण साबणात, कपड्यात, रंगात सरसकट घालू लागलो तर तीच चूक करू. मला ते जखमेच्या पट्टीसारख्या, गरज असलेल्या जागीच हवेत. पट्टीसाठी विचार करत असशील तर जंतू मारणारा डोस माणसाच्या त्वचापेशींवरही तपासावा लागेल. तिथे पेशी जिवंत आहेत का ते दाखवणाऱ्या रंगाच्या चाचणीत पावडर ढवळाढवळ करते, तेव्हा पेशींविना फक्त पावडरीचा संच लाव.

कल्चर, म्हणजे वाढवायचे जंतू, पुण्याच्या एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून, क्रमांकासह मागव. पावडर तोलताना मास्क घाल, आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नकोस.

आधी एकच जंतू घे, स्टॅफिलोकॉकस. सगळे कंट्रोल लावून वसाहती मोजल्यास की आकडे वहीत आहेत तसेच पाठव, न जमलेल्या प्लेटसकट. पुढचा संच कोणता ते त्यावरून ठरवू.

तुझा,
सर